आंबेखारची उघाडी

१२ जानेवारी, रविवार

धप्प.

एवढाच आवाज. जाड लाकडी फळी भिजल्या चौकटीवर आपटावी तसा. पन्नास वर्षं झाली, तरी आज दुपारी डोळा लागता लागता तो कानात आला आणि मी उठून बसलो. आंबेखारची उघाडी! खाडीच्या बांधाला असलेलं ते दार. ओहोटीला आतलं पाणी ढकलून ते उघडायचं, भरतीचं पाणी बाहेरून आलं की आपलं आपण मिटायचं. खारं पाणी बाहेर, शेतं-वाड्या आत.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी वसईच्या वरच्या अंगाला, सोपाऱ्याजवळच्या त्या गावी भूगोलाचा मास्तर म्हणून गेलो. वय चोवीस. त्याआधी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पैठणची गोदावरी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हे दार कोणी गडी बंद करत असणार आणि तो गडी आळशी आहे, कारण रोज पाऊण-एक तास उशीर करतो. दिवाळीला मी फराळाचा पुडा घेऊन त्याला भेटायला निघालो. अख्खं गाव हसलं. वर्गात भरती-ओहोटीचा धडा शिकवणारा मास्तर! पुढं पाच वर्षं माझं नाव 'उघाडी मास्तर'च राहिलं.

आवाज आज का आला, तेही लिहितो. सकाळी नातू प्रणयचा फोन होता. त्याची नोकरी तिकडंच आहे, भाड्याच्या खोलीत राहतो. म्हणाला, "आबा, फ्लॅट बघितलाय. आणि सांगू कुठं? तुमच्या आंबेखारला!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इथं जवळच, पडेगावला असलेला आपला प्लॉट विकून त्याला हातभार लावायचा, हे वर्षभर ठरलेलंच होतं. तो माझ्या गावी राहणार, याहून काय पाहिजे?

बायकोला, पारूबाईला, सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "आंबेखारात? कुठल्या अंगाला?"

मी म्हटलं, "अंग काय विचारतेस! आंबेखार म्हणजे आंबेखार."

"व्हय," म्हणाली आणि पुन्हा लसणाला लागली.

१४ जानेवारी, मंगळवार

प्रणयच्या घरभरणीला काय द्यायचं ते ठरलं. आंबेखारचा नकाशा. आज दिसतं ते नव्हे. मी पाहिलेलं, १९७३चं. मोठा, रंगीत, काचेत मढवलेला. दिवाणखान्यात लागेल. त्याची मुलं विचारतील, आपण राहतो तिथं काय होतं? तेव्हा भिंत उत्तर देईल.

इलियासभाई खुलताबादहून आले होते, तिळगूळ घ्यायला. भूमी अभिलेखात मोजणीदार म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. हात अजून कापत नाही. म्हणाले, "सर, बनाएंगे. पन तुम्हारे आंबेखार के कागजां किधर हैं?"

"डोक्यात."

"हौ, फिर तो काम लंबा है," म्हणाले आणि दुसरा लाडू उचलला.

दर मंगळवारी यायचं कबूल केलंय. फोनवरचा नकाशा पाहिला. तिथं आता नुसती राखाडी ठोकळ्यांची गर्दी. स्टेशन सापडलं, सोपाऱ्याचा स्तूप सापडला. त्या टेकाडाची आठवण मात्र ताजी आहे. दर बुद्धपौर्णिमेला मी मुलांना तिथं न्यायचो. सांगायचो, पोरांनो, इथून गलबतं पार अरबस्तानात जायची, आणि इथलाच माल घाट चढून जुन्नरवरून माझ्या पैठणला यायचा. दोन हजार वर्षं माझ्या मुलखानं तुमचं मीठ खाल्लंय. मुलं टाळ्या वाजवायची.

२१ जानेवारी, मंगळवार

कामाला बसलो. इलियासभाईंची पद्धत अशी : आधी तीन पक्क्या खुणा, मग बाकीचं. स्टेशन, स्तूप आणि शाळा. शाळेची इमारत अजून उभी आहे, फोनवर दिसते. शाळेच्या मागंच आमची खोली होती.

पश्चिमेला रेती आणि कोळीवाडा. बांबूंवर वाळणारे बोंबील. मग वाड्या, केळी, पानवेली, सोनचाफा. केळी सुकवून पानांत बांधत, त्या गोड सुकेळ्यांचा वास अजून नाकात आहे. आणि खाजणात, भरतीच्या चिखलट जमिनीत, मिठागर. खाडी गावाला दोन्ही बाजूंनी मिठी मारते, उत्तरेनं आणि दक्षिणेनं. एका अंगाला वाड्या, दुसऱ्या अंगाला मीठ.

खाडी मी निळ्या शाईनं रंगवली आणि पाण्याची दिशा दाखवायला झोकात बाण काढला, समुद्राकडं जाणारा. इलियासभाई चष्मा वर करून बघत राहिले.

"सर, ये खाडी हाय ना? पानी वापस नै आता क्या?"

पारूबाई चहा घेऊन उभी होती. "बाणाला दोन तोंडं काढा," म्हणाली. "गोदावरी न्हाय ती."

पन्नास वर्षांनी पुन्हा तीच चूक! फराळाचा पुडा आठवला. पारूच्या पदराआडच्या हसण्याकडं मी पाहिलं नाही. बाणाला दुसरं तोंड काढलं.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रणयनं इमारतीचं माहितीपत्रक फोनवर पाठवलं. 'सागरछाया'. वर समुद्राचं चित्र, खाली जागेचा छोटा नकाशा. शाळेच्या उत्तरेला, साधारण पाव कोसावर.

मंगळवारपर्यंत धीर निघेना, म्हणून इलियासभाईंना आजच बोलावलं. त्यांनी कागद प्रमाणात आणला, पारदर्शक कागदावर उतरवला, आमच्या नकाशावर ठेवला. 'सागरछाया' बरोबर उत्तरेच्या वाड्यांत पडली. केळी आणि पानवेली! मी उभा राहून टाळी वाजवली.

"वाडी उत्तर में थी, ये पक्का?" इलियासभाईंनी विचारलं.

"अगदी पक्कं. उघाडी आणि मिठागर दक्षिणेला. मी रात्री-पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो ना, डाव्या कानाला. डोकं पूर्वेला, पाय समुद्राकडं. म्हणजे डावा हात दक्षिण."

"कान से नक्शा बनाते तुम," इलियासभाई म्हणाले. "हमारे साहब होते तो कान ही पकडते."

रात्री प्रणयला सांगितलं, घे, डोळे झाकून घे. गोड जमीन आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नकाशाच्या कोपऱ्यात घालायला ओळ सुचली. अनुष्टुभ आहे :

मीठ तू सागराचे रे, भाकरी मी पठारची.

सातवीच्या वर्गात कविता चालीवर म्हणून घ्यायचो, त्याच चालीत पारूबाईला म्हणून दाखवली. ती तव्यापाशी होती.

"भाकरी मी थापायची, अन् कवितेत तुम्ही व्हायचं," म्हणाली.

तिला कवितेचं अंग नाही. पण बाई लाखात एक. आंबेखारला शाळेला अनुदान नव्हतं, पगार दोन-दोन महिने यायचा नाही, तरी चूल एक दिवस थांबली नाही. तिच्या काटकसरीचं मला आजही नवल वाटतं. तिकडची हवा मात्र तिला मानवली नाही. त्या खाऱ्या वाऱ्यानं तिच्या तळव्यांना इतक्या भेगा पडायच्या की रात्री ती मेण लावून बसायची. मानही तेव्हापासूनच दुखते. कोरड्या मुलखातली माणसं आम्ही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस लिहिताना हात जड झालाय.

इलियासभाई शेवटच्या शाईला बसले होते. खोली दाखवायला म्हणून मी शाळेमागं छोटा चौकोन काढला आणि गमतीनं त्यात खाट काढली, पूर्वेला उशी. पारूबाईनं पाहिलं आणि म्हणाली, "उशी हिकडं कशी?"

"पूर्वेला. आपण पहिल्यापासून पूर्वेला डोकं करून झोपतो."

"हितं. तिथं नाय. तिथं बाबासाहेबांचा फोटो कुठल्या भिंतीवर होता?"

मी आठवलं. दार पूर्वेला. उत्तरेला खिडकी. दक्षिणेला चूल. राहिली पश्चिमेची भिंत.

"फोटोकडं पाय करून झोपला असता का तुम्ही?"

इलियासभाईंनी टाक खाली ठेवला. डोकं पश्चिमेला. पाय पूर्वेला. डावा हात...

"उत्तर," ते हळूच म्हणाले.

उघाडी उत्तरेला. मिठागर उत्तरेला. 'सागरछाया' मिठाच्या वाफ्यांत उभी राहतेय.

"उत्तरेलाच," पारूबाई म्हणाली. "चौदा वाफं होतं. पिपरणीच्या झाडापासून मोजलं तर सातव्यात उधाणाचं पाणी पहिलं यायचं. बांध किती बी घातला तरी खालून यायचं."

"तुला गं कसं ठाऊक?"

"बायांना ठाऊक असतंय," म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

बायका पाणवठ्यावर काय काय बोलत असतील!

१२ फेब्रुवारी, बुधवार

पौर्णिमा. तिथं आज पाणी चढलं असेल. सारखा विचार येतोय : मी त्याला डोळे झाकून घे म्हणालो.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रणयशी बोललो. जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"बाळा, ती जागा मिठागराची आहे. खालून खारं पाणी येतं. पाया खाईल, लोखंड खाईल."

"आबा, पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच गोड जमीन म्हणालात."

"चूक झाली. उशी चुकली माझी."

"काय चुकली?"

मी फोटोचं, खाटेचं, डाव्या कानाचं सगळं सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिथं भराव टाकलाय, आबा. इंजिनिअरनं सही केलीय. तुम्ही पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या कुशीवर झोपायचात, यावर मी घर सोडू?"

मी म्हटलं, हो.

"तुम्हाला प्लॉट विकायचा नसेल तर तसं सांगा. नकाशे कशाला काढताय?"

फोन ठेवला त्यानं. लहानपणी याच पोराला मी खांद्यावर घेऊन नद्यांची नावं पाठ करून घ्यायचो.

वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एक ठरवलं. प्लॉट त्याचाच. चांगल्या घरासाठी आजही देईन. या घरासाठी मात्र सही करणार नाही. आणि नुसतं नाही म्हणून बसायचं नाही, त्याला दाखवायचं. चूक मी केली, खोडायचीही मीच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शाळेला पत्र टाकलं. मुख्याध्यापकांस सविनय वगैरे. १९७३ ते ७८ इथं शिक्षक होतो, मिठागर गावाच्या कोणत्या दिशेला होतं ते कळवावे. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट जोडलं. इलियासभाईंनी जुन्या मोजणीच्या कागदासाठी त्यांच्या ओळखीनं अर्ज केलाय, पण म्हणाले, "सर, वो कागज आते तक बिल्डिंग को नाती-पोते हो जाएंगे."

उत्तरेचा भाग खरवडून पुन्हा काढायला घेतला. पातं चाललं की कागदातून वाड्या निघून जातात. वाफे मात्र मला नीट आठवेनात. पारूबाई शेजारी बसली आणि बोटानं दाखवत गेली. इथं पाट, इथं मिठाच्या राशी, इथं बाया बसायच्या, इथं मुकादमाची खोपी. चौदाच्या चौदा वाफे झाले. तिची आठवण चांगली आहे, हे मला माहीत नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

इलियासभाई म्हणाले, "सर, तुम कान की बात बोले, भाभी फोटो की बोले. अब पानी को बोलने दो ना."

खरंच! अमावास्येनंतर मोठं उधाण आहे, १ तारखेच्या आसपास. प्रणयला निरोप लिहिला : दुपारच्या भरतीला तू फक्त त्या जागेवर जाऊन उभा राहा. भरावावर नको, शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर. मग तू म्हणशील तसं.

निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१ मार्च, शनिवार

दिवसभर फोन जवळ ठेवला. काही नाही.

४ मार्च, मंगळवार

पडेगावच्या प्लॉटचं गिऱ्हाईक येऊन गेलं. प्रणयच्या बापानं, आमच्या मुलानं, वैजापूरहून फोन करून खरेदीखताला सतरा तारीख पक्की केली. म्हणाला, "आबा, पोराचं मन मोडू नका. तो तुमच्याशी बोलत नाही म्हणून आम्हाला झोप नाही." मी म्हटलं, सतराला मी कचेरीत येईन. काय करीन ते तिथंच बघ.

पारूबाई पोराच्या बाजूची का माझ्या, कळत नाही. विचारलं तर म्हणाली, "मी भाकरीच्या बाजूची." आणि वर, "ती टोपली माळ्यावर टाकू नका, लसूण आहे तिच्यात." आंबेखारहून आणलेली ती डांबर फासलेली बांबूची टोपली, बूड गेलंय, चिंध्यांनी शिवलीय. दर दिवाळीला मी ती टाकायला काढतो, दर दिवाळीला ती परत जागेवर जाते.

९ मार्च, रविवार

दुपारी उठलो तर पारूबाई गॅलरीत फोनवर बोलत होती, दार लोटून. तिला फोन लावता येतो हे आजच कळलं. कानावर आलं ते एवढंच : "जोडं काढून जायचं... पिपरणीपाशी विचार... न्हाय रे, तिचंच नाव घे, माझं बी घे... आबाला नको सांगू."

बहुतेक तिच्या माहेरचा भाचा असेल, कुठं नवस फेडायला निघालेला. आबा म्हणजे त्याचा बाप, तोही माझ्यासारखाच हेकट. मी विचारलं नाही. तिचंही एक जग असू दे.

१३ मार्च, गुरुवार

शाळेचं उत्तर आलं. त्या काळातील नोंदी उपलब्ध नाहीत. मिठागर असल्याचे विद्यमान कर्मचाऱ्यांस ज्ञात नाही. आपला, वगैरे.

ज्ञात नाही! ज्या मिठावर गाव जगलं, ज्याच्या गोण्यांनी बैलगाड्यांची रांग स्टेशनापर्यंत जायची, ते कुणाला ज्ञात नाही. पत्र बाजूला ठेवलं. मग शाई घोटली आणि उत्तरेच्या वाफ्यांत ठळक अक्षरांत लिहिलं : मिठागर. चौदा वाफे. साक्ष : पारूबाई रामकिसन.

तिला दाखवलं. तिनं ते नाव बराच वेळ वाचलं. तिला सही शिकवलेली आंबेखारलाच. "माझं नाव कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, माझ्याकडं दुसरा साक्षीदार नाही.

ती काही बोलणार होती. मग म्हणाली, "भाजीला मीठ बघा जरा."

१५ मार्च, शनिवार

नकाशा पुरा झाला. इलियासभाईंनी कडेची दुहेरी रेघ मारली आणि माझ्या हट्टाखातर अनुष्टुभही लिहिलं, वळणदार अक्षरात. "शायरी तो अच्छी है," म्हणाले, "पन भाभी का नाम उसके ऊपर जादा जमता."

परवा सतरा. गुंडाळी काखेत मारून जायचं. मुलगा रागावेल, नातू कदाचित कायमचा तुटेल. तरी सही करायची नाही. आज मनात भीती आहे, पण हात स्थिर आहे. शाईच्या रेघेकडं पाहिलं तर कळतं.

१६ मार्च, रविवार

सकाळी नऊला दार वाजलं. मला वाटलं गिऱ्हाईक असेल. मी बाह्या सावरून, मनात वाक्यं जुळवत दार उघडलं.

बाहेर एक म्हातारी उभी. काळीसावळी, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत कसून नेसलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. ओळखीची नव्हे. ती माझ्याकडं खालून वर बघत राहिली आणि मग सगळे दात गेलेल्या तोंडानं हसली.

"उघाडी मास्तर! वलखलाव नाय ना?"

पन्नास वर्षांत त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

"तुमी कशे वलखाल? तुमी कवा आलाव बांधावर? मी चांगुणा. पारू हाय का घरान?"

तिच्या मागं, जिन्याच्या पायरीवर, प्रणय बसला होता. रात्रभरच्या प्रवासानं चेहरा उतरलेला. बूट बाजूला काढून ठेवलेले. दोन्ही बुटांवर, नाडीच्या वरपर्यंत, पांढरी रेघ वाळली होती. पँटच्या घोट्यापाशीही तीच रेघ. मी वाकून बोट लावलं आणि जिभेला लावलं.

"आजीनं जोडे काढून जा म्हटलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "मी नाही ऐकलं. काल दुपारी उभा होतो, आबा. बाहेरून नाही आलं पाणी. जमिनीतून आलं, माझ्या पायाखालून. या आजी बांधावर उभ्या राहून मोजत होत्या. म्हणाल्या, सातवा." मग वर पाहिलं. "सतराला सही करू नका. दुसरीकडं बघू."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

चांगुणाबाई आमच्याकडं बघतच नव्हती. ती आत डोकावून स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडली, "पारू गो! मुकादमाला फसवून माझी टोपली नेलीस ती नेलीस! दोघी मिळून पाच हंगाम मीठ वाहिलाव, अन् जाताना माझीच टोपली?"

आत लसूण फरशीवर ओतल्याचा आवाज आला.

मग पारूबाई दारात आली, रिकामी टोपली छातीशी धरून. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघतील असं मला वाटलं होतं. दोघींनी आधी खाली पाहिलं, एकमेकींच्या पायांच्या भेगांकडं.